विहारात वाचलेलं पत्र

मोहपाणी, ता. तेल्हारा
१० सप्टेंबर २०२३

चि. दीपमालास,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं जुलैचं पत्र विहारात वाचून दाखवलं. लेकीला गणितात चांगले मार्क पडले हे ऐकून वस्तीला इतका आनंद झाला की जणू सगळेच पास झाले. तू म्हणतेस, मामा, आता फोन करत जा. अगं, मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी मामी मध्येच बोलून खाऊन टाकते. शिवाय फोन विहारात वाचून दाखवता येत नाही.

पोस्टातून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी गावातला कागद आधी माझ्याकडेच येतो. ज्योत्स्ना घरात शिकलेली सून आहे, वस्तीतली पोरं कॉलेजात जातात, पण म्हाताऱ्यांना बुधाजी पोस्टमननेच वाचलेलं लागतं. परवा पार्बताबाई भेटली. तिच्या कुंदनची सुरतेहून कार्डं यायची ते दिवस आठवत बसली. तुला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नको. त्या कार्डांत आईचं नावही नसायचं. खुशाल आहे, घराचा दाखला पाठवा, एवढंच. मी वाचताना मध्ये घालायचो, आईचे गुडघे कसे आहेत, आईने थंडीत पहाटे उठू नये, आईच्या हातची ज्वारीची भाकर आठवते. ती पदराने डोळे पुसत घरी जायची. पोस्टाच्या कायद्यात हे बसत नाही, पण मी पेन्शनीत गेलो, आता काय करतात.

आता कामाचं. टेकडीवर गायरानाच्या माळावर वर्षापासून कंपनीचा लोखंडी खांब उभा आहे, वर वाट्या गरगर फिरतात. वारा मोजला म्हणे, चांगला निघाला. तिथे पवनचक्क्या लावायच्या आहेत. त्या माळावर आपल्या वस्तीची अकरा घरं माझ्या बापाच्या काळापासून ज्वारी-तूर पेरतात, हे तुला माहीत आहे. जमीन सरकारी, आपल्या नावाचा कागद नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. आपण अडलो तर ठराव होत नाही, म्हणून सगळे आपल्याकडे येऊन गोड बोलतात.

एका पक्षाचे पुढारी सांगून गेले, पवनचक्की आली की वीज स्वस्त, बिल अर्धं. दुसऱ्या पक्षाचे म्हणाले, पैसा घालणारे मोठे होतील आणि भार तुमच्या बिलावर येईल. भाजीवाले वामनराव माळी तर रोज पारावर भांडतात. "बुधाजी, वारा तुमचा हे खरं, पन वीज कोनाची हे लेखी घ्या. मंग हात वर करा." माणूस कटकट्या आहे, पण बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं.

वस्ती मात्र एकच म्हणते, आपली दीपमाला विजेच्या ऑफिसात आहे, ती सांगेल तसं करू. तेव्हा सांग. बिल कमी होईल का? माळ द्यावा का?

तुझा मामा,
बुधाजी

अमरावती
२४ सप्टेंबर २०२३

आदरणीय मामा,

सविनय जयभीम.

पत्र घाईत लिहिते आहे, माफ करा. ऑफिसात बिलाच्या तक्रारींची रांग दारापर्यंत असते आणि घरी लेकीची दहावी. जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच लिहायला बसले आहे.

पवनचक्कीबद्दल विचारलंत. मामा, साधा हिशेब आहे. कोळसा विकत घ्यावा लागतो, वारा फुकट. गावच्या टेकडीवर वीज तयार झाली तर तिचा पहिला फायदा गावालाच मिळणार. बिल नक्की कमी होईल, निर्धास्त राहा. काळ बदलतो आहे, आपल्या वस्तीने मागे राहू नये असं मला वाटतं.

मामीच्या हातच्या ठेच्याची बाटली तुमचा प्रीतम अमरावतीला आला तर त्याच्याबरोबर पाठवा. प्रीतम अकोल्यात ऑटो चालवून एवढा थकतो की बहिणीची आठवण राहत नाही, असं त्याला माझ्या नावाने सांगा.

तुमची,
दीपमाला

मोहपाणी
५ ऑक्टोबर २०२३

चि. दीपमाला,

तू तिथे असतीस तर तुझी छाती भरून आली असती.

ग्रामसभेत आवाज चढले होते. वामनराव उठले, "लेखी हाय का कोनाजवळ?" मी खिशातून तुझं पत्र काढलं आणि म्हटलं, "हे पाहा लेखी. विजेच्या ऑफिसातलं. आमच्या पोरीच्या हातचं." मग वाचलं. यात मी माझं एक अक्षर घातलं नाही, गरजच पडली नाही. 'बिल नक्की कमी होईल, निर्धास्त राहा' हे तर जानरावने दोनदा वाचायला लावलं. त्याचा तुकडा माळावर सगळ्यात मोठा, तोच सगळ्यात जास्त घाबरलेला होता. त्यानेच पहिला हात वर केला. मग अकराच्या अकरा घरांनी.

वामनराव नंतर मला म्हणाले, "पोरीचं पत्र म्हंजे सरकारचा कागद नोहे, बुधाजी." मी म्हटलं, तुमच्यासाठी नसेल. आमच्या वस्तीतून सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसलेली पहिली पोरगी आहे ती, आमच्यासाठी तिच्यापेक्षा मोठा कागद नाही.

माळावर यंदाची ज्वारी काढून घेतली. शेवटचीच म्हणून मामीने थोडी कणसं तुझ्यासाठी बांधून ठेवली आहेत.

मामा

मोहपाणी
२८ मार्च २०२५

चि. दीपमाला, अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. तुझं ऑफिस तुला गिळून बसलं असेल.

पवनचक्क्या फिरायला लागून सात महिने झाले. पाच आहेत. दुपारनंतर त्यांची सावली विहाराच्या भिंतीवरून फिरत जाते, पहिले काही दिवस लहान पोरं तिच्यामागे धावायची, आता कोणी पाहत नाही. आवाज असतो. मला बहिऱ्याला काय त्याचं, पण मामी म्हणते, सारखं कोणी जात्यावर बसल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट समजावून सांग. बिल कमी झालं नाही. उलट वाढलं. लोक माझ्या अंगणात बिलं घेऊन येतात, मी वाचून दाखवतो. त्यात 'वहन आकार' म्हणून एक आहे. मी म्हटलं हा विजेचा टपाल खर्च असावा. मग एक गोष्ट डोक्यात बसली ती निघत नाही. मी तीस वर्षं टपाल वाटलं. पाकिटावर ज्याचं नाव, त्यालाच द्यायचं. आमच्या टेकडीवरून जी वीज जाते तिच्यावर नाव कोणाचं आहे?

तसं काही फार नाही. लोक विचारतात म्हणून विचारलं.

मामा

अमरावती
१२ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं.

त्या विजेवर नाव एका कारखान्याचं आहे. कंपनीने पवनचक्क्या बांधण्याआधीच त्या कारखान्याशी करार केला होता. मोहपाणीच्या टेकडीवरची वीज तारेत शिरते आणि हिशेबात थेट त्याच्या नावावर जाते. तुमच्या गावाचा दर राज्यातल्या इतर सगळ्यांसारखाच, तो वीज नियामक आयोग ठरवतो. आमच्याकडे अमरावतीला दरवाढीवर सुनावणी व्हायची आहे, त्यावरून पेपरात रोज भांडण चाललं आहे. एक बाजू म्हणते, वाऱ्याच्या विजेत आज पैसा घातला तर उद्या दर उतरतील. दुसरी म्हणते, त्यासाठी नव्या वाहिन्या टाकायचा खर्च आज गरिबाच्या बिलात येतो. दोन्हींत खरं आहे. पण पुढे स्वस्त होणं आणि आज स्वस्त होणं यात जे अंतर आहे ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

कारण मी विचारलंच नव्हतं, मामा. त्या दिवशी टेबलावर एक माहितीपत्रक पडलं होतं, गुळगुळीत कागदाचं. त्यातलं वाक्य मी जेवता जेवता उतरवलं. दोन टेबलं सोडून करारांचा विभाग आहे. उठून विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

आता एक विनंती, आणि ती करताना मला लाज वाटते. सभेत वाचलेलं माझं ते पत्र कोणाच्या हातात देऊ नका. बढतीची यादी लागायची आहे, आणि कर्मचाऱ्याने असं लिहून दिलं हे सुनावणीच्या दिवसांत बाहेर आलं तर नोकरीवरच येईल. लेकीचं बारावीचं वर्ष सुरू होतंय. तुम्ही समजून घ्याल.

दीपमाला

मोहपाणी
४ मे २०२५

चि. दीपमाला,

पत्र चुलीत गेलं. काळजी सोड.

एक मेची ग्रामसभा शांततेत झाली. लोक विसरतात, त्यांना रोज नवी कामं असतात. बढतीचे पेढे आधी विहारात पाठव, मग ऑफिसात वाट.

ऊन फार आहे. डोक्याला रुमाल बांधून जात जा.

मामा

मोहपाणी
२० जुलै २०२५

ताई, जयभीम. आई सांगतात तसंच्या तसं लिहिते आहे. त्यांना फोनवर बोलायचं नाही, कारण बाबा समोर बसून तोंडाकडे पाहतात, ऐकू आलं नाही तरी त्यांना कळतं. — ज्योत्स्ना

दीपमाला बाई, मी तुही मामी दुर्गाबाई. तुले काही ठाव नसन म्हनून सांगून राहिली.

एक मेच्या सभेत लोकं लय तापले. माळ गेला, बिल वाढलं. वामनराव म्हने, "बुधाजी, थे लेखी दाखवा, आमी थे घेऊन अमरावतीले सुनावनीत जातो." तुहा मामा उठला अन् भर सभेत म्हने, "लेखी तसं नोतं. पत्रात पोरीनं चौकशी करा असं लिवलं होतं. मी माह्या मनचं वाचलं."

मंग जानराव उठला. तो म्हने, "कंपनीनं काय देल्लं तुमाले, काका?" जानरावले यानं मांडीवर खेळवलं होतं बाई.

तवापासून आमच्या दारात कोनी येत नाही. कागद घेऊन कोनी येत नाही. वर्षावास सुरू झाला. वीस वर्सं झाली, पावसाच्या तीन महिन्यांत संध्याकाळचं ग्रंथवाचन विहारात यानंच केलं. अवंदा जानरावच्या पोरीले बसवलं. हा घरी भिंतीकडे तोंड करून वाचते. मोठ्यानं वाचते, बहिरा हाय नं, त्याले वाटते कोनाले आयकू येत नाही.

मी चाळीस वर्सं याच्यासंगं काढले. पन मले बी वाचता येत नाही. माळ देल्ला त्या दिवशी मी बी सभेत आयकलं होतं अन् खरं मानलं होतं. आता मले बी वाटते का यानं खरंच आपल्या मनचं वाचलं असन. त्याची सवय मले ठाव हाय. तू खरं सांग बाई. तू काय लिवलं होतं?

अमरावती
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,

मामीचं पत्र मिळालं. हे पत्र तुमच्यासाठी नाही, वस्तीसाठी आहे. विहारात सगळ्यांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा. माझी हात जोडून विनंती आहे.

मोहपाणीच्या माझ्या माणसांनो,

२०२३ साली ग्रामसभेत जे पत्र वाचलं गेलं ते मीच लिहिलं होतं. 'बिल नक्की कमी होईल, निर्धास्त राहा' हे माझे शब्द आहेत. बुधाजी मामांनी त्यात एक अक्षर घातलं नाही. मी चौकशी न करता लिहिलं. तुम्ही माझ्या शब्दावर माळ दिला. चूक लक्षात आल्यावर मी नोकरीच्या भीतीने मामांना गप्प राहायला सांगितलं, आणि त्यांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. जानराव, तू जो प्रश्न मामांना विचारलास तो मला विचार. मला कोणी काही दिलं नाही. मी फक्त जागेवरून उठले नाही.

वामनरावांनी हे पत्र सुनावणीत न्यावं. माझी हरकत नाही.

मामा, यात तुमच्या मनचं काही घालू नका.

दीपमाला

मोहपाणी
२ सप्टेंबर २०२५

दीपमाला बाई, तुहं पत्र आलं. ज्योत्स्ना लिहून राहिली, मी सांगून राहिली.

पत्र आल्याबरोबर यानं धुतलेलं धोतर नेसलं. विहारात गेला अन् म्हने, "दीपमालाचं पत्र आलं, वाचू का?" कोनी हो म्हनलं नाही, नाही बी म्हनलं नाही. तवा यानं उभ्यानंच वाचलं. तू किती चांगलं लिवलं बाई. तू लिवलं का मामानं मले शिकवलं, माह्या फीसाठी सायकलीवर टपाल वाटत पावसात भिजला. त्याच्याकडून म्हातारपनी एक चूक झाली. पोरीचं नाव मोठं व्हावं म्हनून तो जास्तीचं वाचून गेला. कंपनीचा त्यानं चहा बी पिला नाही. त्याले माह्याकडे पाहून माफ करा, असं तू लिवलं. लोकायचे डोये भरले. जानराव उठून त्याच्या पाया पडला. दुसऱ्या दिवसापासून ग्रंथ पुन्हा याच्याच हातात देल्ला.

तू माफी मागतली म्हनून झालं हे. मी बी मनातलं काढून टाकलं. चुकते मानूस.

आता तो जेवते नीट. तुले आशीर्वाद.

अमरावती
९ सप्टेंबर २०२५

मामा,

हे काय केलंत तुम्ही?

मी काय लिहिलं होतं आणि तुम्ही काय वाचलंत? माझ्या कागदावरून, माझ्या नावाने, तुम्ही माझ्याकडून स्वतःसाठी माफी मागितलीत. मामींना वाटतं तुम्ही खोटे आहात. तुमच्याच घरात, तुमच्याच ताटाशेजारी बसून त्यांना तसं वाटतं. मी हे सहन करू शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी येते. तुम्ही वाचणार नसाल तर विहारात मी स्वतः वाचीन.

दीपमाला

मोहपाणी
२० सप्टेंबर २०२५

चि. दीपमाला,

रागावलीस, बरं वाटलं. लहानपणी रागावलीस की तुझं अक्षर मोठं व्हायचं, अजून तसंच होतं.

आता शांतपणे ऐक. जानरावची धाकटी बारावीला आहे. पुढे अमरावतीला शिकायला जायचं म्हणते. जानराव आधी नाही म्हणत होता. मग तुझ्या त्या पत्राच्या दिवशी म्हणाला, दीपमालाताईसारखी शिकत असेल तर जाऊ द्या. वस्तीत अशा चार पोरी आहेत. त्यांच्या बापांना मी तीस वर्षं सांगत आलो, पोरीचं लेखी म्हणजे पक्कं. उद्या तू येऊन सांगशील की शिकलेल्या पोरीनेच न पाहता लिहून दिलं आणि त्यात माळ गेला, तर हे बाप काय म्हणतील? तुला नाही म्हणणार. त्या चौघींना म्हणतील.

बुधाजी पोस्टमन खोटं वाचतो, एवढं कळलं तर कोणाचं शिक्षण थांबत नाही. म्हातारा आहे, चळला, संपलं. आणि खोटं वाचण्यात मी नवखा नाही, हे तुला ठाऊक आहे.

मामीचं मला वाईट वाटतं. नाही म्हणणार नाही. रात्री तिच्याकडे पाहतो तेव्हा सांगून टाकावंसं वाटतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही.

मी आहे तोवर थांब. मग तुला पटेल ते कर. तुझी ती दोन्ही पत्रं, सभेतलं आणि विहारातलं, माझ्या टपालाच्या जुन्या पिशवीत आहेत. चुलीत गेलं म्हणून लिहिलं होतं तेही खोटंच. दुसऱ्याचं टपाल जाळायला माझा हात होत नाही.

तुझा,
मामा

अमरावती
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामी,

जयभीम.

मामांच्या शोकसभेत, पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि सगळ्यांना म्हणालात, "हिनं शब्द टाकला म्हनून म्हातारा मानानं गेला." जानरावने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी उभी राहिले, रडले आणि बसले. लोकांना वाटलं दुःखाने बोलवत नाही. मी भीतीने बोलले नाही.

मामा म्हणाले होते, मी आहे तोवर थांब. मी थांबले, दिवाळीत आले नाही, कारण मलाही थांबायचंच होतं. आणि ते दुपारचं जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आज पंधरा दिवस झाले, मला त्यांचं शेवटचं पत्र पाठ झालं आहे.

मामी, खुंटीवर मामांची टपालाची खाकी पिशवी आहे. तिच्यात माझी दोन पत्रं आहेत, एक २०२३ चं, एक या ऑगस्टचं. ज्योत्स्नाला काढायला सांगा. आधी तुम्ही एकट्या ऐका. मग विहारात वाचायला लावा. मामांचं शेवटचं पत्र यासोबत ठेवते आहे, तेही वाचू द्या, म्हणजे त्या चार पोरींच्या बापांना कळेल की मामांना कशाची धास्ती होती. त्यांना माझ्या वतीने एवढंच सांगा, मी शिकले म्हणून चुकले नाही. शिकून विचारलं नाही म्हणून चुकले.

ते खोटे नव्हते, मामी. तुमच्याजवळ तर नव्हतेच.

सुनावणी पुढे ढकलली आहे, तिच्यासाठी वामनरावांना पत्र लागेल तर द्या. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिते आहे.

दीपमाला सुखदेव वानखडे
उच्चस्तर लिपिक, वीज कंपनी, अमरावती

मोहपाणी
३० नोव्हेंबर २०२५

दीपमाला बाई,

ज्योत्स्नानं आधी मले घरात वाचून दाखवलं. मी तिले तीनदा वाचायले लावलं. मंग पिशवी घेऊन त्याच्या जागी बसून राहिली. त्या मे महिन्याच्या सभेनंतर तीन महिने मी त्याच्या ताटाजवळ बसली नोती बाई. भाकर वाढायची अन् चुलीकडे तोंड करायची. तो तसाच जेवून उठे. आता कोनाजवळ जाऊन सांगू.

मागच्या आयतवारी विहारात वाचलं. सगळे कागद. जानराव मधातच उठून भाईर गेला. गंज वेळानं आला तं डोये लाल. तवापासून रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसते. पोरीचं शिकनं त्यानं थांबवलं नाही, तिले तो अमरावतीले धाडनार हाय. एवढं तुह्या मामाच्या मनासारखं झालं.

पार्बताबाई मातर हसली. सगळे रडत होते अन् थे म्हातारी हसली. म्हने, "मले तं पैलेपासून ठाव होतं. माह्या कुंदनचं कार्ड दोन वळीचं राये अन् बुधाजी पाव घंटा वाचे. मी अनपढ हावो, आंधळी थोडी हावो. त्याच्या तोंडून आयकाले बरं वाटे म्हनून मी घेऊन येत जाय." मंग म्हने, "दीपमालाचं पत्र वाचलं त्या दिवशी बी त्याचे डोये कागदावर नोते. मले समजलं होतं. लोकं पुन्हा त्याच्याजवळ बसले म्हनून मी बोलली नाही." अन् मंग थे बी रडली.

वामनराव तुहं पत्र घेऊन सुनावनीले येनार हायेत. तुह्या सहीवर त्यायनं बोट ठेवून पाह्यलं. म्हने, आता हे लेखी. तुह्या नोकरीचं काय होईन थे होईन. माळ काही वापस येत नाही. चक्क्या फिरून राहिल्या.

तुह्यावर माहा राग हाय. खोटं काहून बोलू. पन तू येत जाय, राग घरातल्याच मानसावर राह्यते.

अन् पत्र लिहत जाय. आता तुही पत्रं ज्योत्स्ना वाचते. चांगली वाचते, अडखळत नाही. पन जेवढं लिवलं तेवढंच वाचते. तवा तूच जरा जास्त लिहजो.

तुही मामी